कॅन्सरच्या ट्रीटमेंटमध्ये जेवणाचं काय करायचं, घरच्या वाटीने समजून घेऊ

बाबांना गालाच्या आतला कॅन्सर निघाला तेव्हा त्यांचं वजन ५८ किलो होतं. ऑपरेशन होऊन रेडिएशन सुरू व्हायच्या वेळेपर्यंत ते ५२ वर आलं, म्हणजे दोन महिन्यात सहा किलो गेले, आणि आमच्या घरात कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. कॅन्सर आहे म्हणजे माणूस वाळणारच, असंच आम्ही धरून चाललो होतो. आल्यागेल्यांनी पण तेच म्हणायचं, "आजारच तसा आहे बाप्पा, काय करता." नागपूरला आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यात १० टक्के वजन उतरलं तर त्याला धोक्याची घंटा म्हणतात, आणि आमचं तर दोनच महिन्यात १० टक्क्याच्या वर गेलं होतं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, नागपूरला एसटीने चार तास लागतात. आमच्याकडे खर्रा, म्हणजे सुपारी आणि तंबाखूचं मिश्रण, पानटपरीपानटपरीवर मिळतो, त्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. आणि प्रत्येक घरात मी तेच पाहते, औषधाला लोक शेत गहाण ठेवतात, पण जेवणाच्या बाबतीत शेजारी सांगतील ते पथ्य. म्हणून मला जे समजलं ते सोपं करून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, तुमच्या पेशंटचं माप तुमच्या आहारतज्ज्ञाकडूनच घ्या, पण तिथे जायच्या आधी एवढं माहीत असलं तर त्या १५-२० मिनिटांचं सोनं होतं.

वजन का उतरतं?

एक तर माणूस खात नाही, हे दिसतंच. तोंड दुखतं, मळमळतं, चव गेलेली असते, मन लागत नाही. पण दुसरं एक कारण आतून चालू असतं आणि ते दिसत नाही. कॅन्सरमुळे शरीरात एक प्रकारची धग सुरू होते, त्यात शरीर स्वतःचंच मांस म्हणजे स्नायू जाळायला लागतं. साधा उपाशी माणूस आधी चरबी वापरतो, पण इथे स्नायू लवकर जातात, म्हणून पेशंटच्या मांड्या आणि दंड आधी बारीक होतात, खुर्चीतून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागतो. डॉक्टरी भाषेत ह्या प्रकाराला कॅकेक्सिया म्हणतात. हा फार पुढे गेला की नुसतं खाऊ घालून भरून निघत नाही, म्हणून सुरुवातीलाच पकडायचा असतो. वजन उतरायच्या आधी, ट्रीटमेंट ठरली त्याच दिवशी आहारतज्ज्ञाला भेटावं, आम्ही दोन महिने उशीर केला.

आणि वजनाचा संबंध फक्त ताकदीशी नाही. तोंडाच्या आणि गळ्याच्या रेडिएशनला चेहऱ्याच्या मापाचा एक जाळीचा मास्क बनवतात, तो टेबलाला घट्ट बसवतात म्हणजे डोकं तसूभर हलत नाही आणि किरण नेमक्या जागीच पडतात. आता माणूस वाळला, गाल आत गेले, की तोच मास्क ढिला होतो. मग कधी कधी पुन्हा स्कॅन, पुन्हा मास्क, पुन्हा सगळी आखणी. केमोचं पण तसंच, फार अशक्तपणा असला की डॉक्टर डोस पुढे ढकलतात नाहीतर कमी करतात. तोंडा-गळ्याच्या रेडिएशनला साधारण सहा ते सात आठवडे लागतात, आठवड्यातून पाच दिवस, आणि त्यात मधेच खंड पडला तर उपचाराचा जोर कमी होतो. हे जेव्हा मला समजलं तेव्हा मला बाबांच्या ताटाकडे बघायची नजरच वेगळी आली, म्हणजे ती दुधाची वाटी पण ट्रीटमेंटच आहे, सलाइनच्या बाटलीइतकीच.

मॅडमनी वाटी मागवली

ह्याच्या आधी एका ठिकाणी आम्हाला जेवणाचा छापील कागद दिला होता, त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल असलं काही होतं. तो कागद आईने देवघरात ठेवून दिला. करणार काय त्याचं, तालुक्याला पण ते मिळत नाही. नागपूरच्या मॅडमनी मात्र कागद दिलाच नाही, म्हणाल्या पुढच्या वेळी घरून बाबांची वाटी, चमचा आणि प्यायचा गिलास घेऊन या. आम्ही नेले. त्यांनी वाटीत पाणी भरून ते मापाच्या गिलासात ओतलं, वाटी भरली १०० मिलीची. आम्ही आपलं सांगत होतो की बाबा दोन वाट्या वरण खातात, आणि आमच्या डोक्यात ते लय झालं होतं.

मग त्यांनी विचारलं, वरणाला डाळ किती घेता, माणसं किती? आई म्हणाली एक वाटी डाळ, पाच माणसं. एक वाटी म्हणजे साधारण ९० ग्रॅम डाळ, पाच जणांत वाटली तर प्रत्येकाला १८ ग्रॅम, त्यात प्रोटीन जेमतेम चार ग्रॅम. आणि त्यातही बाबांना आम्ही काय देत होतो, तर वरचं वरचं पाणी, कारण पचायला हलकं म्हणून. डाळ सगळी खाली बसलेली, ती आम्ही धडधाकट माणसं खात होतो. हे ऐकून आई एकदम गप्प झाली. मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या तुम्ही मायेनेच करत होत्या ना, आता फक्त पळी खालून फिरवा.

पूर्ण दिवसाचा हिशोब केला तर बाबांच्या पोटात चहा-बिस्कीट, वरणाचं पाणी, भाताची पेज, एक वाटी दूध मिळून ५००-६०० कॅलरी आणि दहा-बारा ग्रॅम प्रोटीन जात होतं.

आता पाहिजे किती ते बघा. कॅन्सर पेशंटला साधारण दर किलो वजनामागे २५ ते ३० कॅलरी, आणि प्रोटीन किलोमागे एक ग्रॅमच्या वर, जमलं तर दीड ग्रॅमपर्यंत, असा हिशोब आहारतज्ज्ञ धरतात. ५२ किलोच्या माणसाला म्हणजे १३०० ते १५६० कॅलरी आणि ५२ ते ७८ ग्रॅम प्रोटीन. किडनीचा त्रास असेल तर हे माप बदलतं, म्हणून रिपोर्टची फाइल सोबत न्यायचीच. आणि एक सावधगिरी, जो माणूस आठ-दहा दिवस जवळपास काहीच खाल्लेला नाही त्याला एकदम भरपूर खाऊ घालायचं नाही, रक्तातले क्षार अचानक खाली जातात आणि जीवावर बेतू शकतं, तिथे हळूहळू वाढवायचं आणि ते डॉक्टरच्या नजरेखाली.

प्रोटीन कशात किती, हे समजून घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा की १०० ग्रॅम डाळ म्हणजे १०० ग्रॅम प्रोटीन नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतातल्या खाण्याचे तक्ते काढले, आहारतज्ज्ञ मंडळी तेच वापरतात. त्याच्या हिशोबाने १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत २१-२२ ग्रॅम, फल्लीदाण्यात म्हणजे शेंगदाण्यात २३-२४, ज्वारीत १० आणि सोयाबीनमध्ये ३५ च्या वर. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, एक गिलास म्हणजे २०० मिली दुधात सहा-साडेसहा. सोयाबीनचा आकडा बघून मला फार वाईट वाटलं, आमच्या वावरात एवढं सोयाबीन होतं, सगळं मोंढ्यात जातं आणि घरात एक मूठ राहत नाही.

दाट करायचं, जास्त नाही

ही गोष्ट मला सगळ्यात कामाची वाटते. पेशंटला ताटभर जेवण जात नाही, मग त्याच्या मागे लागून काय फायदा? जेवढं जातं तेवढ्याच घासात जास्त भरायचं. एक वाटी वरण जाते ना, मग ते घट्ट करा आणि वरून दोन चमचे तूप सोडा. एका छोट्या चमच्याभर तुपात ४५ कॅलरी असतात आणि गिळायलाही सोपं जातं. एक गिलास दूध जातं ना, त्यात दोन मोठे चमचे दूध पावडर घाला, प्रोटीन जवळपास दुप्पट होतं आणि पोटात जागा तेवढीच लागते. पेजेऐवजी मुगाची गिजवलेली खिचडी. पाण्यातल्या शेवयांऐवजी दुधातल्या.

आणि आपला सातू! आमच्याकडे उन्हाळ्यात गहू आणि डाळवं भाजून दळतात आणि गुळाच्या पाण्यात कालवतात. मॅडम म्हणाल्या पाण्याऐवजी दुधात कालवा, वरून फल्लीच्या दाण्याचा बारीक कूट घाला, बाजारातल्या महागड्या डब्याच्या तोडीचं होतं. डब्याची पावडर वाईट आहे असं नाही, काही पेशंटला ती लागतेच, विशेषतः ज्याला नळीतून द्यायचं आहे किंवा ज्याला दूध पचत नाही. पण आहारतज्ज्ञाने सांगितली तरच घ्यायची, मेडिकलवाल्याने काउंटरवर ठेवली म्हणून नाही. आम्ही आधी दोन डबे असेच आणले होते, एका डब्याचे पैसे म्हणजे आईची आठवड्याची मजुरी.

दिवसातून तीन वेळा पोटभर हा नियम सोडून द्या. दर दोन-अडीच तासाला चार-सहा घास. आम्ही भिंतीवर खडूने वेळा लिहिल्या होत्या, सात, साडेनऊ, बारा, अडीच, पाच, साडेसात, आणि झोपताना दूध. भूक लागायची वाट बघायची नाही कारण ह्या आजारात भूक लागतच नाही, घड्याळ बघून द्यायचं, गोळीसारखं.

अंड्याचा प्रश्न आमच्याकडे अवघड होता. आई माळकरी, आपल्या घरात अंडं आलं नाही आजवर, असं ती म्हणाली. मॅडमनी एका शब्दाने पण जोर केला नाही, म्हणाल्या पनीर, दही, दूध पावडर, सोयाबीन ह्यातून काढू आपण. तीन दिवसांनी आईनेच मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली, एका जुन्या गंजात म्हणजे पातेल्यात अंडी उकडली, आणि स्वतः सोलून, दुधात कुस्करून बाबांना भरवली. आंघोळ करून मग देवापुढे बसली. बाबा म्हणे, "तू कायले करतं व हे?" तर म्हणाली, "माह्या देवाले समजते." पण ज्यांना नाहीच चालत त्यांनी मनाला लावून घेऊ नका, अंड्याशिवाय पण माप पूर्ण होतं.

सोयाबीनचं एक सांगते, कच्चं किंवा अर्धकच्चं खायचं नाही, पचनाला बाधतं. भिजवून, उकळून, वाळवून मग दळायचं, दहा किलो गव्हात एक किलो. स्तनाच्या कॅन्सरला सोयाबीन चालत नाही अशी एक भीती आहे, तर जेवणातलं सोयाबीन सुरक्षित मानतात, त्याच्या अर्काच्या गोळ्या मात्र घेऊ नये.

तोंड आलं तेव्हा

रेडिएशनचा पहिला आठवडा बरा जातो आणि घरच्यांना वाटतं की अरे हे तर सोपं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलून निघतं. बाबांना पाण्याचा घोट पण झोंबायचा, थुंकी चिकट तारेसारखी, आणि ते खुणेने सांगायचे नाही जात म्हणून. एकदा ताट सरकवून दिलं आणि म्हणाले, "नाही जात व माय, मले मारता काय आता." त्या दिवशी मी बाहेर येऊन फार रडले.

नंतर कळलं की हे अंगावर काढायचं नसतं, ह्यावर उपाय असतात. दुखण्याची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायची, जेवून झाल्यावर नाही. तोंड बधिर करायचं पातळ औषध असतं ते डॉक्टर लिहून देतात, मागून घ्या. आणि दिवसातून आठ-दहा वेळा गुळण्या, एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा, रोज ताजं बनवायचं, गिळायचं नाही. बाजारातलं झणझणीत माउथवॉश नको, त्यात अल्कोहोल असतं.

खायला काय, तर ज्याला चावावं लागत नाही आणि जे झोंबत नाही. आमच्याकडे सगळ्यात चांगला चालला तो कुरडयांचा चीक. गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक शिजवतात तो, दुधात पातळ केलेला, वर तूप. घशातून आपोआप उतरतो. नुसत्या चिकात प्रोटीन फारसं नसतं म्हणून दूध पावडर घालायचीच. ज्वारीच्या कण्या दुधात शिजवून, पिकलेलं केळं कुस्करून, उकडलेला आलू दुधात मऊ करून, पपई. सगळं कोमट किंवा गार, गरमगरम नको. आंबील एरवी उत्तम पण आंबट असल्यामुळे तोंड आलेलं असताना झोंबते, तिला थांबवा. आणि आपल्याकडे पेशंटला भेटायला येणारा प्रत्येक जण संत्री घेऊन येतो, संत्र्याचा भागच आहे आपला, पण तोंड सोललेलं असताना संत्र्याचा रस म्हणजे जखमेवर लिंबू. येणाऱ्यांना फोनवर आधीच सांगा, संत्र्याऐवजी केळी किंवा एक लिटर दूध आणा, लोक खुशीने आणतात. तिखट, तर्री, लोणचं, भेदराची म्हणजे टोमॅटोची चटणी हे पण तोवर बंद.

खर्रा सुटलेला नसेल तर वरचं सगळं पाण्यात. तंबाखू चालू ठेवली की जखमा जास्त चिडतात आणि रेडिएशनचा फायदाही कमी होतो. बऱ्याच खर्रा खाणाऱ्यांचं तोंड आधीच कमी उघडतं, सुपारीमुळे आतली कातडी आखडते. त्यांना तोंड उघडायचे व्यायाम देतात, ते दुखतात म्हणून सोडू नका, नाहीतर पुढे चमचाही आत जात नाही.

नळी म्हणजे शेवट नाही

चौथ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले नाकातून नळी टाकू. घरात रडारड, काका म्हणाले आता संपलं. गावात हा समज फार आहे की नळी लागली म्हणजे माणूस जाणार. असं बिलकुल नाही. तोंडाचा रस्ता खराब झाला आहे म्हणून बायपास काढला एवढंच, रस्ता दुरुस्त झाला की नळी निघते. बाबांची सात आठवडे होती आणि त्या सात आठवड्यात त्यांचं वजन एक किलो वाढलं.

नळीतून काय द्यायचं हे आहारतज्ज्ञ ठरवून देतात. आमचं साधारण असं होतं की दूध, दूध पावडर, मुगाची डाळ आणि तांदूळ एकदम मऊ शिजवून मिक्सरमधून काढलेलं, थोडं तेल, थोडी साखर, आणि मग बारीक गाळणीतून दोनदा गाळायचं. ज्वारीचा कोंडा नळीत अडकतो, तो अनुभव आम्ही घेतला, रात्री नऊ वाजता नळी बंद आणि गावात कोणी नाही. लाइट जाते म्हणून मिक्सरचं काम सकाळी लाइट असेपर्यंत उरकायचं, पण बनवलेलं बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, नाहीतर जुलाब. फ्रीज नसेल आणि लाइटचा भरवसा नसेल तर हे मॅडमला सांगा. आम्हाला म्हणूनच त्यांनी दुपारनंतरसाठी पावडर लिहून दिली, ती कोमट पाण्यात घोळली की झालं.

देताना पेशंट बसलेला पाहिजे, निदान पाठीला उशा लावून अर्धा बसता, आणि दिल्यावर पाऊण-एक तास आडवं करायचं नाही. एका वेळी २००-२५० मिली, हळूहळू, पिचकारी जोरात दाबायची नाही. आधी आणि नंतर ३० मिली उकळून गार केलेलं पाणी सोडायचं म्हणजे नळी साफ राहते. नाकाजवळ नळीवर खूण करून ठेवा, खूण बाहेर सरकलेली दिसली किंवा देताना खोकला लागला, दम लागला तर लगेच थांबा आणि हॉस्पिटलला फोन करा. निघालेली नळी घरी परत घालायचा प्रयत्न कोणीच करू नये.

केमोवाल्यांसाठी थोडं

बाबांना केमो हलकी होती पण शेजारच्या मावशीची चालू होती, तिच्याबरोबर मी दोन-तीनदा गेले. मळमळीची गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, लोक सहन करतात आणि मग घेतात, तेव्हा ती उलटीतच जाते. फोडणीच्या वासाने पोटात ढवळतं, म्हणून पेशंटची खाट स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. सकाळी उठल्याउठल्या ज्वारीच्या लाह्या किंवा टोस्ट असं कोरडं काहीतरी. गार पदार्थाला वास कमी येतो म्हणून गार बरं वाटतं, पण ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचं औषध असेल तर गार पाणीसुद्धा काही दिवस चालत नाही, घशात टोचल्यासारखं होतं, तेव्हा आपलं औषध कोणतं ते विचारून घ्या. तोंडात लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलचा चमचा सोडून प्लास्टिकचा किंवा लाकडी घ्या. आवडीचा पदार्थ केमोच्या दिवशी मुद्दाम करू नका, उलटी झाली की त्या पदार्थावरचं मनच उडतं, मावशीने गोळाभात कायमचा सोडला तो असाच.

केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. त्या दिवसांत शिळं, उघड्यावरचं, कापून ठेवलेली फळं, कच्चं मोड आलेलं, न उकळलेलं दूध, हे नको. हापशीचं असो की विहिरीचं, पाणी खळखळ उकळू द्यायचं. ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं, हे जेवणाचं नाही पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लोक काय काय सांगतात

साखर कॅन्सरले पोसते, हे आम्हाला किमान वीस जणांनी सांगितलं. ह्यातली खरी गोष्ट एवढीच की कॅन्सरच्या पेशी साखर वापरतात, पण आपल्या मेंदूच्या आणि हृदयाच्या पेशी पण वापरतात, आणि तुम्ही साखर बंद केली तरी शरीर भातातून, भाकरीतून, शेवटी स्वतःच्या मांसातून साखर तयार करून घेतंच. साखर सोडल्याने गाठ लहान होते असं सिद्ध झालेलं नाही. शुगरचा पेशंट असेल तर त्याचं गणित वेगळं, ते डॉक्टरच सांगतील. पण बाबांसारख्या वाळलेल्या माणसाच्या दुधातली दोन चमचे साखर काढून घेणं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढणं आहे.

दूध बंद, वांगं बंद, भात थंड, डाळ जड. एकेक पाहुणा एकेक जिन्नस काढून घेत गेला तर ताटात शेवटी चहाच उरतो, आमच्याकडे तसंच झालं होतं. आता कोणी पथ्य सांगितलं की आई विचारते, "मॅडमले विचारू काय?" आणि विषय संपतो. एकादशीचा उपास बाबांनी सोडला नव्हता, मॅडमनी दूध, दाणे, केळं, राजगिरा ह्यात बसवून दिला.

काढे आणि जडीबुटीबद्दल मात्र कडक राहा. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत, आणि केमोची बरीच औषधं यकृतातूनच जातात. भाजीतली हळद चालते, हळदीच्या अर्काच्या गोळ्या न विचारता नको. जे काही घेत असाल ते लपवू नका, रागावतील म्हणून लोक लपवतात आणि मग रिपोर्ट का बिघडला ते कोणालाच समजत नाही.

आहारतज्ज्ञ मिळतात कुठे? नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल असो, सेवाग्राम असो की मुंबईचं टाटा, ओपीडीत डॉक्टरांना स्पष्ट विचारा की आम्हाला आहारतज्ज्ञांना भेटायचं आहे, ते चिठ्ठी देतात. गर्दीत ते स्वतः सांगायचं राहून जातं. जाताना आदल्या दिवशी सकाळपासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते कागदावर लिहून न्या, चहा-बिस्किटासकट, आणि खरं लिहा. घरात चूल आहे की गॅस, दूध घरचं की विकतचं, स्वयंपाक कोण करतं, दिवसाला किती खर्च झेपतो, हे पण सांगायला लाजू नका, त्यावरूनच त्या जेवण बसवतात.

आणि दर आठवड्याला वजन. आमच्या गावात माणसाचं वजन करायचा काटा नव्हता, मग कापूस खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रिक काट्यावर बाबांना उभं करायचो, दर सोमवारी, सकाळी, तेच धोतर, चपला काढून. जन्मभर त्यांनी त्या काट्यावर कापूस मोजला, प्रत्येक वेळी आकडा नीट वाचून घ्यायचे, तसाच हा पण वाचून घ्यायचे आणि मला म्हणायचे, लिही. मी वहीत लिहायची आणि फोटो मॅडमला पाठवायची. दोन आठवडे सलग उतरलं की त्या लगेच काहीतरी बदलायच्या.

रेडिएशन संपलं की दुसऱ्या दिवशी सगळं ठीक होईल असं समजू नका, तोंडाचा त्रास त्यानंतरही आणखी एक-दोन आठवडे तसाच राहतो, कधी वाढतो पण, मग हळूहळू उतरतो. चव यायला महिने लागतात, पहिली गोड आली बाबांना. थुंकी अजून कमीच आहे, म्हणून भाकर कोरडी जात नाही, वरणात नाहीतर दुधात बुडवून, चुरून खातात, आणि शेजारी पाण्याचा तांब्या लागतो. सोमवारचं वजन आता महिन्यातून एकदा करतो. मागच्या वेळी ५५ किलो ३०० ग्रॅम भरलं.